माशी तरंगती की बुडती? तीर्थनला निघालेल्या गोवेकरासाठी

परवा शेजारचा पोरगा मोबाइल नाचवत आला. "काका, तिकीट काढलं. हिमाचलात तीर्थन नदीवर चाललोय, ट्राउट मासा धरायला. ड्राय फ्लायनेच, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माशीनेच धरणार, बाकी काही नको." मी विचारलं, तिकीट कुठल्या तारखेचं? म्हणाला, मेच्या शेवटच्या आठवड्यातलं. इथेच माशी शिंकली.

कारण माझी पहिली खेपही मेमधलीच. जन्मभर मांडवीकाठी सारमानसच्या धक्क्यावर गरी टाकून बसलेला माणूस मी. भरती कधी फिरते, चोणक मासा मानशीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या, तोंडाशी कधी येतो, हे आपल्याला पंचांगापेक्षा जास्त कळतं अशी घमेंड होती. तीर्थनवर तीन दिवस तरंगती माशी सोडली. एकाही ट्राउटने वर बघितलं नाही. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते गृहस्थ शेवटच्या संध्याकाळी चहा ओतता ओतता म्हणाले, "ऊपर नहीं खाएगा साब, पानी देखो." पाणी पाहिलं. तांदूळ धुतल्यावर निघतं तसं, पांढुरकं. वर बर्फ वितळत होतं.

तेव्हा आधी महिना ठरवा, पद्धत मागाहून. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालते. मार्च ते साधारण मध्य एप्रिल पाणी उतरलेलं आणि नितळ. मग बर्फाचं पाणी, त्यामागोमाग जुलै-ऑगस्टचा पाऊस. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत पुन्हा नितळ. आपली पंचाईत अशी की आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला लागतात, हात रिकामे असतात, आणि नेमकी तेव्हाच तिथली नदी गढूळ. मार्चमध्ये जावं तर शिगमो चुकतो. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय: चवथीचे गणपती पोचवायचे आणि ऑक्टोबरात निघायचं.

आता पद्धतींकडे. ड्राय फ्लाय म्हणजे पिसं, लोकर, हरणाचे केस गळावर गुंडाळून केलेली पाण्यावर तरंगणारी माशी. ट्राउटने ती वर येऊन उचलायची. निम्फ म्हणजे बुडती माशी, किड्याच्या पाण्याखालच्या रूपाची नक्कल. डोक्याशी टंगस्टनचा, म्हणजे जड धातूचा, मणी, त्यामुळे ती तळाला जाते. मेफ्लायसारखा किडा आयुष्याचा बहुतेक काळ दगडाखाली पाण्यातच काढतो, पंख फुटले की एक-दोन दिवसांत आटोपतो. म्हणजे ट्राउटच्या पानात बारा महिने वाढलेलं असतं ते खाली. वरचं जेवण सणासुदीचं. तिसरा पर्याय स्पिनर, म्हणजे फिरणारी धातूची पाकळी. तो तुमच्या पेटीत बहुधा आहेच.

ड्राय फ्लाय अवघड का, हे मांडवीच्या माणसाला सांगायचं तर असं: आपल्याकडे ओहोटी लागली की अख्खं पात्र एकाच चालीने सरकतं. तीर्थनमध्ये दहा फुटांत पाच चाली. एका धोंड्यामागे पाणी उभं, शेजारून पळतंय, पुढे उलटं फिरतंय. माशी पडते संथ पाण्यात, दोरी पडते पळत्या पाण्यात, आणि दुसऱ्याच क्षणी दोरी माशीला ओढत नेते. पाण्यावर माशीमागे इंग्रजी व्हीच्या आकाराची बारीक रेघ उठते. ट्राउटला तेवढं पुरतं. खरा किडा असा धावत नाही हे तिला ठाऊक आहे. उपाय एकच. लांब फेकायचंच नाही. पंधरा-वीस फूट, खालच्या अंगाने जाऊन वरच्या दिशेला, दांडी उंच धरून, दोरी जमेल तितकी पाण्याबाहेर. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, त्यामुळे मागून गेलं की तुम्ही तिला कमी दिसता. व्हिडिओत दिसतात त्या डौलदार लांब फेकी तिथल्या धोंड्यांत काही कामाच्या नाहीत. पोराला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याला त्याच शिकायच्या होत्या.

दुसरी अडचण खास आपली. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या खेपेला, उन्हं कलल्यावर, एका मोठ्या शिळेच्या पोटाशी पाण्यावर वाटोळी वळी उठताना दिसली. आवाज नाही, उसळी नाही. चोणक खातो तेव्हा मोरीत नारळ पडल्यासारखा धप्प आवाज येतो. ही बया नुसतं ओठांनी चहाची साय उचलावी तसं उचलत होती. चौदा नंबरच्या गळावरची ॲडम्स नावाची तरंगती माशी सोडली. माशी दोन हात वाहिली, नाक वर आलं, माशी नाहीशी झाली. आणि मी डाव्या हाताने दोरी खाडकन मागे ओढली, चोणकाला ओढतो तशी. टोकाचा धागा ५एक्स जाडीचा, सुमारे दोन किलोचा ताण सोसणारा. तट्! माशी तिच्या तोंडात, मी धोंड्यावर. इथे नुसती दांडी वर उचलायची असते, सावकाश. खाऱ्या पाण्यातली वीस वर्षांची सवय मोडायला मला त्या खेपेचे उरलेले दोन दिवस लागले.

याउलट निम्फ. ती आपल्या हाताला लवकर बसते. दोरी ताठ ठेवून जड निम्फ तळावरून घसटत न्यायची, तर्जनीवर दोरी टेकवून चाहूल घ्यायची. मग हे काळुंदर मासा धरायला बसल्यासारखंच झालं की! खडकाचा धक्का आणि तोंडाचा धक्का यांतला फरक ज्याला लहानपणापासून कळतो, त्याला अर्ध्या दिवसात जमतं. तोटा असा की धोंड्यांत माश्या अडकून तुटतात, दिवसाला सहा-सात गेल्या तर रडू नये. गढूळसर पाण्यात, थंड सकाळी, वर काहीच उडत नसताना हीच पोट भरते.

निम्फला कमी लेखणारेही आहेत. इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्यांवर हॅलफर्ड नावाच्या लेखकाच्या अनुयायांनी तरंगती माशी हाच धर्म मानला आणि स्क्यूज नावाच्या दुसऱ्या लेखकाने बुडत्या माशीची बाजू लावून धरली. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वाद झडला. त्या नद्या संथ, आरशासारख्या. तीर्थनला तो सोवळेपणा लावण्यात अर्थ नाही.

स्पिनरबद्दल थोडक्यात. दोनच दिवस हातात असतील, फ्लायची दांडी कधी धरली नसेल, तर स्पिनर न्या आणि शरमू नका. फक्त चोणकाची दांडी आणि वीस पौंडी दोरी नेऊ नका. पाच ग्रॅमचा स्पिनर तिने फेकलाच जात नाही. आणि तिहेरी गळ काढून काटा दाबलेला एकेरी गळ लावा. बोटभर पिल्लंही स्पिनरवर धावतात, तिहेरी गळ त्यांचं तोंड फाडतो. तिथली ब्राउन ट्राउट मूळची इथली नाही हे खरं. हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०९ साली कुल्लूत महिली इथे अंडी उबवून ती वाढवली. पण आज ती नदीत आपली आपण वीण करते. ट्राउट खायचीच असेल तर कुल्लूतच पतलीकुहलला मत्स्यशेतीतली रेनबो ट्राउट मिळते. नुस्त्याच्या हुमणाला, म्हणजे आपल्या माशाच्या कालवणाला, ती चालते का, असं बायकोने विचारलं होतं. नाही चालत.

मग कोणी काय घ्यावं? पाच-सहा दिवस, ऑक्टोबर, आणि रिकाम्या हाती परतलं तरी ज्याला झोप लागेल, त्याने ड्राय फ्लाय. मासा हाताला लागायलाच हवा असेल तर निम्फ. मी स्वतः दोन्ही एकत्र बांधतो: वर केसांची तरंगती एल्क हेअर कॅडिस, तिच्या गळाला दीड-दोन फूट धागा आणि खाली छोटी निम्फ. वरची माशी थबकली की समजायचं खाली कोणीतरी उचललंय. वाऱ्यात गुंता होतो, पण दोन्ही मजल्यांवर ताट मांडलेलं राहतं. दांडी चार किंवा पाच वजनाची (हा दोरीच्या जडपणाचा नंबर, किलो नव्हे), साडेआठ-नऊ फुटी, चार तुकड्यांत सुटी होणारी. इथे चोणकासाठी वापरतात ती आठ वजनाची नेली तर ट्राउट वाकवणारच नाही, तुम्हालाच मजा येणार नाही. बुटांना तळाला जाड नमदा हवा. ते धोंडे आमच्या विहिरीच्या पायऱ्यांपेक्षा बुळबुळीत. परवाना मत्स्य विभागाचा, दिवसाच्या हिशोबाने, आणि पाण्यात उतरण्याआधी काढायचा. तिथल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीचे नियम वेगळे, तेही तेव्हाच विचारून घ्यायचे.

तिकीट बदलायला पैसे पडतात म्हणून पोरगा मेमध्येच जातोय. सध्या रोज संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा लाल बोंडा बांधून फेकायचा सराव करतो, गायी बघत उभ्या राहतात. मी त्याच्या डबीत टंगस्टनच्या पंधरा निम्फ घातल्या. कोपऱ्यात दोन ॲडम्स ठेवल्या, त्याचं मन राखायला.