एडिसन की नेपरव्हिल? घर घेण्याआधी गावाची घडण पाहा

न्यू जर्सीतलं एडिसन आणि शिकागोजवळचं नेपरव्हिल. दोन्हीकडे भारतीय वस्ती मोठी, दोन्हीकडच्या शाळा नावाजलेल्या. फरक गावाच्या घडणीत आहे आणि राहायला गेल्यावर तो रोज जाणवतो.

एडिसनला मध्यच नाही. नकाशावर ते मेदूवड्यासारखं दिसतं आणि मधल्या भोकात असतं मेटचन. १८७० पासून हा सगळा भाग रॅरिटन टाउनशिप (स्वतःचा स्थानिक कारभार असलेला भाग) होता. १९०० साली मेटचन वेगळं झालं आणि जुनी बाजारपेठ त्याच्याकडे गेली. उरलेल्या विखुरलेल्या वस्त्यांना १९५४ मध्ये एडिसन हे नाव मिळालं, कारण थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. महायुद्धानंतर हायवेलगत वसाहती वाढल्या, फोर्डचा कारखानाही आला (तो २००४ मध्ये बंद झाला), पण पेठ काही परत आली नाही. ती उणीव भारतीय दुकानदारांनी ओक ट्री रोडवर भरून काढली. किराणा, मिठाई, दागिने, पूजेचं साहित्य, सगळं तिथे एका फेरीत मिळतं.

घर शोधताना इथेच चूक होते. ओक ट्री रोडचा आयसेलिनकडचा भाग वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतो आणि मेट्रोपार्क स्टेशनही वुडब्रिजचंच. ‘ओक ट्री रोडजवळ’ म्हणून घेतलेल्या घराची शाळा, कर आणि पार्किंगचे नियम वुडब्रिजचे निघू शकतात. एडिसनच्या हद्दीतही हायस्कुलं दोन आहेत: उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेला एडिसन हाय. कुठलं मिळणार ते पत्त्यावर ठरतं.

नेपरव्हिलची गोष्ट उलटी. जोसेफ नेपरने १८३१ मध्ये डुपेज नदीकाठी वसवलेलं मूळ गाव आजही शहराच्या मधोमध आहे, आणि ते आपोआप टिकलेलं नाही. १९६९ मध्ये एक जुनं चर्च वाचवण्यासाठी नागरिकांनी संस्था काढली आणि त्यातून नेपर सेटलमेंट हे खुलं संग्रहालय उभं राहिलं. १९८१ मध्ये गावाच्या दीडशेव्या वर्षी लोकांनी देणग्या आणि श्रमदानातून नदीकाठचा रिव्हरवॉक बांधला. १९६० ला जेमतेम तेरा हजार वस्तीचं हे गाव २०२० च्या जनगणनेत १,४९,५४० वर पोचलं, तरी संध्याकाळी लोक फिरायला नदीवरच येतात. एडिसनमध्ये (वस्ती १,०७,५८८) अशी सर्वांची जागा शोधावी लागते.

इथला गोंधळ शाळांचा. पत्ता नेपरव्हिलचा असला तरी शाळा डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) २०३ ची, २०४ ची किंवा दक्षिणेकडे प्लेनफिल्डच्या २०२ ची असू शकते. एजंटच्या शब्दावर विसंबू नका, घराचा पूर्ण पत्ता देऊन डिस्ट्रिक्टकडूनच खात्री करून घ्या.

मालमत्ता कर दोन्हीकडे जड आहे. न्यू जर्सीत तो फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा चार हप्त्यांत भरतात. इलिनॉयमध्ये यंदाच्या कराचं बिल पुढच्या वर्षी येतं. तिथे नवं बांधलेलं घर घेतलंत तर पहिलं बिल बहुतेक वेळा नुसत्या जमिनीचं असतं. पुढे पूर्ण घराची आकारणी झाली की गृहकर्जाचा महिन्याचा हप्ता (त्यात बहुधा करही धरलेला असतो) एकदम उडी घेतो, म्हणून पूर्ण आकारणी धरूनच हिशेब करा.

तपासणीत एडिसनच्या जुन्या घराला जमिनीत पुरलेली, घर तापवण्याच्या तेलाची टाकी आहे का, हे यंत्राने शोधून घ्यायलाच हवं. टाकी गळत असेल तर माती साफ करण्याचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो आणि घराचा विमा तो सहसा देत नाही. नेपरव्हिलमध्ये तळघर बघा: सम्प पंपाला (तळघरात साठणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला) बॅटरीचा आधार आहे का? वादळात वीज जाते, नेमका तेव्हाच पंप लागतो.

मराठी मंडळी दोन्हीकडे पक्की रुजलेली आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं) पहिलं अधिवेशन १९८४ मध्ये शिकागोत झालं, २०२२ चं न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत.

आई-वडील सहा-सहा महिने येऊन राहणार असतील आणि गाडी चालवत नसतील, तर आमचं मत उत्तर एडिसनला, तेही ओक ट्री रोड पायी गाठता येईल अशा घराला. नेपरव्हिलमध्ये त्यांना तेवढीच मोकळीक हवी असेल तर घर गावाच्या मध्यात, नदी आणि निकल्स लायब्ररीच्या आसपास घ्यावं लागेल, आणि तिथले भाव चढे असतात. दक्षिणेकडच्या प्रशस्त सोसायट्यांतून दुधासाठीसुद्धा गाडीच काढावी लागते.