एनव्हीडीए: संस्थेची वेबसाइट आम्ही कानानं तपासली

सांगलीत आमची छोटी संस्था आहे, दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग मुलांना शिष्यवृत्ती, पांढरी काठी, कुबड्या, व्हीलचेअर असं मिळवून द्यायचं काम. ऑफिस गणपती पेठेत तळमजल्यावर, हिशोब आणि वेबसाइट दोन्ही माझ्याकडं. दारात रॅम्प आहे, २०१९ च्या महापुरात खचला तो परत बांधून घेतला, पण वेबसाइटवर अंध माणूस कसा शिरणार हे इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर हा रिव्ह्यू एनव्हीडीएचा. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, विंडोजवर चालतं, एक रुपया लागत नाही. ऑस्ट्रेलियात २००६ साली मायकल करन नावाच्या अंध तरुणानं सुरू केलं, मग त्याचा मित्र जेम्स तेह जोडीला आला, तोही अंध. विकतचे स्क्रीन रीडर महाग पडायचे म्हणून यांनी मोफतचा बनवला आणि कोडही सगळ्यांना खुला ठेवला. डाउनलोड करताना देणगी देणार का विचारतात, नाही दिली तरी चालतं, आम्ही दिली.

माझ्याकडं ते आलं कसं ते सांगते. तासगावकडचा एक मुलगा, बीएच्या शेवटच्या वर्षाला, पूर्ण दृष्टिहीन, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला ऑफिसला आला. मी म्हटलं अरे बाळा, वेबसाइटवर भरायचास की, एवढ्या लांब कशाला आलास. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या वेबसाइटवर भरता येत नाही, बसा दाखवतो." खिशातनं पेन ड्राइव्ह काढला, त्यात एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी होती, इन्स्टॉल न करता तिथनंच चालू झालं. मग त्यानं कसल्या तरी तीन कीज दाबल्या आणि मॉनिटर काळा. स्क्रीन कर्टन म्हणतात त्याला, पडदा बंद पण कॉम्प्युटर चालू, म्हणजे आता मलाही त्याच्यासारखंच फक्त ऐकायचं होतं.

एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर जातं. त्यानं दाबलं, मशीन म्हणालं "नो नेक्स्ट हेडिंग". आमची सगळी हेडिंग्ज नुसती अक्षरं मोठी नि ठळक करून केलेली, त्याच्या लेखी ती नव्हतीच. लिंकची यादी उघडली तर "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा", नऊ वेळा. फोटोंवर कॅमेऱ्यानं दिलेले फाइलचे नंबर वाचत होतं. आणि फॉर्मवर आल्यावर "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, यातला नावाचा रकाना कुठला?" मला सांगता येईना. रकान्याच्या वर नाव, पत्ता, मोबाइल सगळं लिहिलेलं होतं, रोज बघत होते मी ते, पण कोडमध्ये ते रकान्याला जोडलेलंच नव्हतं. रकाना चुकला की नुसता लाल व्हायचा, त्याचाही आवाज नाही.

या आधी एका कंपनीनं (नाव घेत नाही) आम्हाला कोपऱ्यातलं ते व्हीलचेअरचं चित्र असलेलं बटण बसवून दिलं होतं, वर्षाची फी घेऊन, आता तुमची साइट सगळ्यांसाठी खुली झाली म्हणाले. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, वाचूनही दाखवतं. मी त्याला कौतुकानं ते सांगितलं तर म्हणाला, "वाचायला माझं मशीन आहेच मॅडम, तुम्ही वाचण्यासारखं ठेवा." २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असलंच बटण विकणाऱ्या एका कंपनीला खोटे दावे केले म्हणून १० लाख डॉलर भरायला लावलेत. कुठल्याही संस्थेनं त्यावर पैसे घालू नयेत, हे मी हात जोडून सांगते.

नंतर आमची साइट बघणारा मिरजेचा मुलगा आणि मी बसलो. त्याला एनव्हीडीएमधलं स्पीच व्ह्यूअर फार उपयोगी पडलं, जे बोलतं ते खिडकीत लिहूनही येतं, त्यामुळं डोळस माणसाला चूक कुठं आहे ते लगेच सापडतं. रकान्यांना लेबल जोडली, हेडिंग खरी केली, फोटोंना काय आहे ते शब्दांत लिहिलं. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी लावलेली होती, ती मराठी केल्यावर मजकूर मराठी आवाजात यायला लागला. देणगीच्या पानावर नुसता क्यूआर कोड होता, आता त्याच्याखाली यूपीआय आयडी अक्षरात दिलाय, कॉपी करता येतो. जुनी दोन पानं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, डोळ्याला मराठी आणि मशीनला नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, ती अख्खी परत टाइप केली मी, दोन दुपारी गेल्या त्यात.

कमी काय आहे तेही सांगते. सोबत येणारा मराठी आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरं आणि मध्येच आलेला इंग्रजी शब्द कळायला आठवडाभर कान तयार करावा लागतो. फक्त विंडोजवर चालतं, अँड्रॉइडला टॉकबॅक आणि आयफोनला व्हॉइसओव्हर वेगळं, तिथंही तपासावंच लागतं. आणि सगळं यात सापडत नाही. आमची फिकट राखाडी अक्षरं एनव्हीडीएनं व्यवस्थित वाचली पण कमी दिसणाऱ्या माणसाला ती दिसतच नव्हती, अक्षर आणि मागचा रंग यातला फरक किमान ४.५ ला १ हवा, तो वेगळा मोजावा लागला. ज्याचा हात थरथरतो, माउस धरता येत नाही, त्याच्यासाठी टॅब की दाबत अख्खी साइट फिरून बघितली तर वरचा मेनू माउसशिवाय उघडतच नव्हता. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, एका सॉफ्टवेअरनं सगळे कसे कळतील.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. देणगीवर चालणारी कुठलीही संस्था असू दे, हे आजच टाका आणि स्वतःचाच फॉर्म पडदा बंद करून भरून बघा, आणि नंतर खरंच रोज वापरणाऱ्या माणसाला बोलवून तपासून घ्या, त्याच्या वेळेचे पैसे देऊन. आम्ही त्या मुलाला दिले, तो नको म्हणत होता, तरी दिले.

फॉर्म त्यानं परवा घरनं भरला, रात्री पावणेअकराला आला. व्हिडिओंना कॅप्शन अजून नाहीत, कर्णबधिर मुलांचे पालक विचारतायत, आणि अहवालाच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ तशाच पडल्यात. रविवारी परत बसतोय.