एओथ्रीचा रिव्ह्यू: कुडोस पोत्याने, कमेंट चिमटीने

आधीच सांगून टाकते, एओथ्रीवर काय वाचायचं याची यादी इथे मिळणार नाही, ती हवी असेल तर वेगळं विचारा, आनंदाने देईन. हा रिव्ह्यू फक्त तिथल्या दाद द्यायच्या सोयींचा आहे, म्हणजे कुडोस (शाबासकीचं बटण), कमेंट, बुकमार्क, आणि त्या सोयींमुळे वाचणाऱ्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या सवयी कशा बदलत गेल्या त्याचा. साइट म्हणून ती भारीच आहे, जाहिरात नाही, पैसे नाहीत, "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून मागे लागणं नाही, टॅग लावून हवं तेवढं बारीक गाळून घेता येतं. पण फीडबॅकच्या बाबतीत तिने लोकांना जेवढं सभ्य केलं तेवढंच आळशीही केलं, असं माझं मत आहे आणि ते का ते सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: एओथ्री म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन, फॅनफिक्शनच्या, म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींच्या, सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक, एक कोटीहून जास्त गोष्टी, सत्तर हजारांहून जास्त फॅन्डम, म्हणजे एकेका मूळ कथेचे चाहतेगट. चालवते ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था, ती 2007 ची. त्याच वर्षी लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटने एका फटक्यात शेकडो अकाउंटं उडवली होती, त्यात फॅन लोकांचे ग्रुपही गेले, आणि दुसरीकडे फॅनफिकवर धंदा करू बघणाऱ्या कंपन्या यायला लागल्या होत्या, मग कादंबरीकार नाओमी नोविक आणि बाकीच्या मंडळींनी ठरवलं की आपलं आपण बांधू. 2009 च्या नोव्हेंबरात ओपन बीटा, म्हणजे सगळ्यांसाठी खुली चाचणी आवृत्ती, आला आणि गंमत म्हणजे तो "बीटा" शब्द लोगोखाली वर्षानुवर्षं तसाच चिकटून राहिला. 2019 मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्युगो पुरस्कारही मिळाला. सगळं देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतं, आणि लेखकाने तिथे पैसे मागितलेले चालत नाहीत, देणगीची लिंकसुद्धा टाकायची नाही.

आता मुद्द्याचं. त्याच्या आधीच्या जमान्यात, म्हणजे फॅनफिक्शन डॉट नेटच्या काळात (ती साइट 1998 ची), गोष्टीखाली मुख्य बटण होतं ते "रिव्ह्यू"चं. गोष्ट फेव्हरिटमध्ये टाकता यायची, पण काय आवडलं ते सांगायचं तर चार शब्द टाइप करायलाच लागायचे. त्यामुळे लोक टाइप करायचे, आणि बरं-वाईट दोन्ही करायचे. प्रत्येक भागाच्या शेवटी "आर अँड आर" म्हणजे वाचा आणि रिव्ह्यू द्या अशी विनवणी, कुणी तर सरळ ओलीस धरायचं, दहा रिव्ह्यू आले की पुढचा भाग टाकते म्हणून. आणि जाळपोळ, म्हणजे झोडपून काढणारे रिव्ह्यू, ज्याला फ्लेम म्हणायचे, ती इतकी नेहमीची होती की लेखिका आधीच लिहून ठेवायच्या की तुमच्या फ्लेमवर मी मार्शमेलो भाजेन. चुका काढणं हा वाचकाचा हक्कच मानला जायचा, व्याकरण, पात्राचा स्वभाव, कथानकातली भोकं, सगळं न मागता मिळायचं. त्यातनं काही जणी खरंच लिहायला शिकल्या हे खरं, आणि बऱ्याच जणींनी लिहिणं सोडलं हेही तेवढंच खरं, दुसऱ्या प्रकारच्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत एवढंच.

एओथ्रीने 2010 च्या शेवटी कुडोस आणले. एक छोटं बटण, हृदयाचं चिन्ह, दाबलं की झालं, अकाउंट नसलं तरी चालतं. खालची बाजू दाखवायला काहीच नाही, तारे नाहीत, "नावडलं" नाही. मला विचाराल तर अख्ख्या साइटवरचा हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. कारण तारे आले की सरासरी आली, सरासरी आली की लोक 4.2 च्या खालचं उघडत नाहीत, आणि कुणीतरी हौसेने फुकट लिहिलेल्या गोष्टीला "दोन तारे, शेवट आवडला नाही" असं चिकटवून पुढे जातात. आपल्याकडे प्रतिलिपीवर ताऱ्यांचं रेटिंग आहे, तिथे मी बघते ना, शंभरात नव्वद जण डोळे मिटून पाच तारे देतात आणि दोन जण राग काढायला एक, मग त्या आकड्याला अर्थ तो काय राहिला. सोसायटीच्या गणपतीत शेजारच्या काकूंनी एकांकिका बसवली तर आपण टाळ्या वाजवतो, बाहेर येऊन नोटीस बोर्डवर गुण लावत नाही, तसं आहे हे.

कुडोस मिळाल्याचं मेल दिवसातून एकदाच येतं, सगळे एकत्र गोळा करून. सकाळी चहा करताना फोनवर दिसतं, "अमुक, तमुक आणि सात पाहुण्यांनी तुमच्या गोष्टीला कुडोस दिले". हे सात पाहुणे, म्हणजे अकाउंटशिवाय आलेले वाचक, कोण, कुठले, कधीच कळत नाही. मी दुर्योधन आणि भानुमतीवर एक छोटी गोष्ट टाकलीय (हो, महाभारताचं फॅन्डम आहे तिथे, व्यासांच्या नावाच्या टॅगखाली, आणि चांगलं मोठं आहे, कर्णावर तर विचारू नका, आपण मराठी लोकांनी त्याच्यावर कमी लिहिलंय की काय असं वाटावं इतकं), तिला अजून मधूनच एखादा पाहुणा कुडोस देऊन जातो. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

पण गोची इथेच आहे. एका गोष्टीला एका माणसाचा एकच कुडोस. गोष्ट पानभर असो की चाळीस भागांची असो. पहिल्याच भागाला आवडलं म्हणून बटण दाबलं की पुढचे एकोणचाळीस भाग वाचकाकडे देण्यासारखं बटणच उरत नाही, परत दाबलं तर साइट हसून सांगते की तुम्ही आधीच दिलेत, आणि काढूनही घेता येत नाही. म्हणजे जी बाई दर शनिवारी नवा भाग टाकतेय तिला तिसाव्या भागाला कोण वाचतंय हे कळायचा एकच मार्ग, कमेंट. आणि कमेंट करायची सवय तर ह्याच बटणाने मोडलेली. यावर लोकांनीच उपाय काढला, "हा माझा दुसरा कुडोस" एवढंच लिहून किंवा नुसती बदामांची रांग टाकून जायचं. आधी मला ते पोरकट वाटायचं, आता नाही वाटत, एकोणिसाव्या भागाखाली तीन बदाम दिसले की कुणीतरी एकोणिसाव्यापर्यंत आलंय हे कळतं. मराठी साइटींवरच्या पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) आणि पुलेशुचं (पुढच्या लेखनाला शुभेच्छा) कामही तेच होतं की, हजेरी लावणं.

कमेंटचा डबा मात्र दणदणीत आहे, दहा हजार अक्षरं मावतात, उत्तरांना उत्तरं देता येतात, कुणी उत्तर दिलं की मूळ कमेंट बदलता येत नाही म्हणून पलटी मारायची सोय नाही. एवढी जागा दिलीय आणि लोक तिथे काय लिहितात तर "अपडेट कधी?". बरेचसे वाचक वाईट नसतात, घाबरलेले असतात. कारण गेल्या दहा-बारा वर्षांत शिष्टाचारच असा उलटला की न मागता चूक दाखवणं म्हणजे उद्धटपणा. पूर्वी "कॉनक्रिट (म्हणजे सुधारणा सुचवणारी टीका) नको" असं सांगावं लागायचं, आता "कॉनक्रिट चालेल" असं नोटमध्ये लिहिलेलं असेल तरच तोंड उघडायचं. मला हा बदल बहुतांशी पटतो. लेखिकेला सुधारणा हवी असेल तर ती टाकायच्या आधी बीटा रीडरला, म्हणजे मसुदा वाचून चुका सांगणाऱ्या मैत्रिणीला, दाखवते, आणि दाखवली नसेल तर "बीटा नाही, मरायचं तर मर्दासारखं" असल्या अर्थाचा तो प्रसिद्ध टॅग लावून मोकळी होते, म्हणजे तिलाही माहितीये. छापून झालेल्या गोष्टीत तिसऱ्या परिच्छेदातला काळ चुकलाय हे एका अनोळखी माणसाने सांगून कुणाचं काय भलं होणारे?

पण ह्याचं दुसरं टोक असं झालंय की साधा प्रश्न विचारायलाही लोक कचरतात. "भानुमती तिथे गप्प का राहिली?" हा काय दोष काढणं झालं का? मला अशी एक कमेंट आली होती, त्यात वाचकाने गोष्टीतली तीन वाक्यं उचलून खाली टाकली होती आणि प्रत्येकाखाली एक-दोन ओळी, पहिल्याखाली "इथे मी फोन बाजूला ठेवला", दुसऱ्याखाली "हिला सगळं माहितीये ना?", तिसऱ्याखाली नुसतं "नाही नाही नाही". व्याकरण नाही, परीक्षण नाही, कौतुकाची विशेषणंही नाहीत, आणि तरी मला त्यातून कळलं की दुसरं वाक्य जरा जास्तच बोलून गेलंय. वॉटपॅड या गोष्टींच्या साइटवर तर प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूलाच कमेंट करता येते, तिथली पोरं असंच लिहितात, ओरडतात, भांडतात, पात्रांना शिव्या घालतात. गोंधळ असतो खरा, पण लेखकाला वाचक वाचताना दिसतो. ही एकच गोष्ट एओथ्रीने तिकडून उचलावी असं मला वाटतं.

बुकमार्कचं प्रकरण वेगळंच. बुकमार्कला टीप जोडता येते आणि ती खाजगी केली नाही तर सगळ्या जगाला दिसते, लेखिकेलाही. वाचक म्हणतात ही आमची वही आहे, आम्ही काहीही लिहू. लेखिका म्हणतात वही आहे तर मग उघडी टाकून माझ्या दारात का ठेवलीस. "3/5, मधले भाग रटाळ, पण शेवट बरा" असं लिहिलेलं असतं, आणि ते माझ्या गोष्टीच्या पानावरून एका क्लिकवर. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, पण खाजगीची खूण करायला एक सेकंद लागतो, तेवढी करावी माणसाने. 2020 च्या लॉकडाऊनपासून जे नवीन वाचक आले त्यांना पुस्तकांना तारे देऊन, व्हिडिओत यादी करून वाचायची सवय, त्यांच्यातल्या काहींनी फॅनफिक थेट गुडरीड्स या पुस्तकांना तारे द्यायच्या साइटवर चढवल्या आणि लेखिकांना तिथून काढायला विनवण्या कराव्या लागल्या. त्या मुलांना आपण काही वाईट केलं असं वाटतच नाही, त्यांच्या दृष्टीने पुस्तक ते पुस्तक. फुकट मिळालेल्या वस्तूचं ग्राहक म्हणून परीक्षण करायचं, हे मला मात्र अजून झेपत नाही.

आणि अलीकडचा ताप म्हणजे खोट्या कमेंट. आधी खूप गोड बोलतात, तुमची वर्णनं किती डोळ्यांसमोर उभी राहतात वगैरे, आणि तिसऱ्या ओळीत मी चित्रकार आहे, तुमच्या गोष्टीचं कॉमिक करू का, डिस्कॉर्डवर (गप्पांचं अ‍ॅप) या. गेलात की पैसे मागतात. ओळखायची खूण सोपी, अख्ख्या कौतुकात तुमच्या एकाही पात्राचं नाव नसतं. दुसऱ्या प्रकारच्या, यंत्राने टाकलेल्या, कमेंट तर सरळ आरोपच करतात की हे तू एआयकडून लिहून घेतलंस. त्यात 2025 मध्ये एआय शिकवायला म्हणून तिथल्या लाखो गोष्टी कुणीतरी उपसून नेल्याचं बाहेर आलं, तेव्हा कित्येकींनी आपल्या गोष्टी फक्त अकाउंट असलेल्यांनाच दिसतील अशा करून टाकल्या. परिणाम काय, तर ते सात पाहुणे गेले. एओथ्रीने हत्यारं चांगली दिलीत हे मान्य करायला हवं, ब्लॉक करता येतं, म्यूट करता येतं, कमेंट आधी तपासून मग दाखवता येते, धागा गोठवता येतो, पाहुण्यांना बंदी घालता येते. पण प्रत्येक कुलपाबरोबर एखादा खरा वाचकही बाहेर राहतो, आणि तो वाचक काही पत्र पाठवून कळवत नाही.

बाकी बारीकसारीक: अधिकृत अ‍ॅप नाही, फोनच्या ब्राउझरमध्येच वाचायचं किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवून घ्यायचं, आणि उतरवून वाचलं की कुडोस द्यायला परत यायचं राहूनच जातं, मीही त्यातलीच. अकाउंटसाठी आमंत्रणाची रांग असते, नाव टाकून ठेवायचं आणि वाट बघायची. कुडोसप्रमाणे लावून बघायची सोय आहे ती मी वापरत नाही, त्यात जुन्या आणि मोठ्या फॅन्डमच्याच गोष्टी वर येतात, कमेंटच्या आकड्याने लावून बघा, कधीकधी वेगळंच काही सापडतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी: गोष्ट टाकताना भाषा मराठी निवडता येते, मोजकंच आहे तिथे, त्यामुळे जे टाकाल ते दिसेल. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांकडे अकाउंट नसणार, म्हणून पाहुण्यांच्या कमेंट बंद करू नका, फक्त तपासून दाखवायचं चालू ठेवा. आणि नोटमध्ये स्पष्ट लिहा की काय चालेल, काय नको, प्रश्न चालतील, आवडलेली ओळ चिकटवली तर फारच चालेल. चुका दाखवलेल्या नको असतील तर तेही लिहा, अर्थात ऱ्हस्व-दीर्घ काढणारे ते वाचूनसुद्धा काढणारच.