बडोद्याहून पहाटे निघून रात्री परत: समुद्राकाठी सायकल चालवायला दमण, तिथल की डुमस?

दिवाळीचा फराळ संपला आणि पहाटे कमाटीबागेत फिरताना कानाला गार वारा लागायला लागला, की आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात एकच चर्चा सुरू होते: यंदा सायकली घेऊन समुद्रावर कुठं? दोन हिवाळ्यांत आम्ही तिन्ही ठिकाणं करून आलो. आमच्या गटात नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं, मी आणि माझे यजमान, दोन वर्षांपूर्वी एकसष्टाव्या वर्षी कमाटीबागेत सायकल शिकलेली आत्या, आणि अडुसष्ट वर्षांचे मामा. मामांची सायकल काळी, उंच, डायनॅमोचा दिवा असलेली आणि मागं भक्कम कॅरिअरची. गिअरची सायकल भाड्यानं घेऊ, असं कुणी म्हटलं की ते म्हणतात, "हिला सोडून मी समुद्र बघणार नाही." त्यामुळे आमचा प्रत्येक बेत त्या सायकलीसकट असतो.

घरात अशी निरनिराळ्या वयांची माणसं असतील, एकच दिवस हाती असेल आणि डोळ्यासमोर पाणी ठेवून निवांत सायकल चालवायची असेल, तर माझा कौल दमणला. अंतर सगळ्यात जास्त असूनही दमणलाच. मात्र त्याला दोन अटी आहेत, एक पहाटे उठण्याची आणि दुसरी तिथीची. त्या जमणार नसतील तर वलसाडजवळचं तिथल बरं. डुमस मी तिसऱ्या नंबरवर ठेवते, आणि तेही मुख्यतः भज्यांसाठी.

आधी अंतराचं बोलू. रस्त्यानं डुमस पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, तिथल सव्वादोनशेच्या आसपास आणि दमण अडीचशेच्या आसपास. आकडे बघितले की डुमस सोपं वाटतं. पण तिथं समुद्र दिसायच्या आधी अख्खं सुरत शहर ओलांडावं लागतं, आणि रविवारी संध्याकाळी अर्धं सुरत त्याच रस्त्यावर असतं. हायवेवर वाचवलेला वेळ तिथं सिग्नलला जातो. उलट वलसाडपर्यंत पोचलात की दमण पुढं जेमतेम पाऊण तासाचं. भरूचजवळ नर्मदेवर गाड्यांची जी रांग लागायची, ती २०१७ साली केबलचा नवा पूल झाल्यापासून पुष्कळ कमी झाली. २०२४ पासून बडोदा ते भरूच नवा एक्सप्रेसवेही आहे. पहाटे चारला निघालो तर साडेआठ-नऊला आम्ही दमणमध्ये चहा पीत असतो.

सायकली न्यायच्या कशा, हा खरा पेच. आम्ही छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, ठरवतो. सायकली एकाआड एक उलट-सुलट उभ्या करायच्या, मध्ये जुन्या गोधड्या, आणि बांधायला सुती साड्या. दोरीनं रंग खरवडतो, साडीनं नाही. पहिल्या वर्षी आत्यानं त्यासाठी जी साडी दिली ती हिरवी, मोठ्या लाल काठांची होती. टेम्पो निघाला आणि पदर मोकळा सुटून मागं फडफडायला लागला. करजणच्या पुढं एका ट्रकवाल्यानं शेजारी येऊन हात जोडून नमस्कार केला. त्याला वाटलं, आम्ही देवीची मूर्ती घेऊन चाललोय. मामांनी खिडकीतून त्याला प्रसाद म्हणून दोन भाकरवड्या दिल्या आणि त्यानं त्या कपाळाला लावून घेतल्या.

रेल्वेनं जायचं तर तिथल सगळ्यात सोयीचं. बडोदा ते वलसाड गाडीनं अडीच-तीन तास, आणि स्टेशनपासून समुद्र पाचेक किलोमीटर, म्हणजे स्टेशनाबाहेर सायकलवर बसलात की वीस-पंचवीस मिनिटांत लाटा. घडीची सायकल असेल तर ती सामान म्हणून डब्यात नेता येते. मामांसारखी अखंड सायकल असेल तर ती सामान कार्यालयात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी लागते आणि उतरताना त्या डब्यापर्यंत पळत जावं लागतं, कारण गाडी तिथं फार थांबत नाही. दमणला रेल्वे नाही. वापीला उतरायचं आणि पुढं बारा किलोमीटर. तो रस्ता कारखान्यांच्या ट्रकांचा आहे, मुलांना घेऊन त्यावर सायकल चालवू नका.

आता किनाऱ्यावर काय मिळतं ते सांगते.

तिथलची वाळू काळसर, किनारा लांबलचक, आणि काठानं फरसबंद वाट. ती वाट छोटी आहे. मुलांनी तिच्या तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीला "आता पुढं काय?" म्हणाली. पण तिथं घाई नाही. स्वामिनारायण मंदिरात आत्याचं दर्शन होतं, साईबाबा मंदिराच्या बाजूनं किनारा दूरवर दिसतो, आणि उसाच्या रसाची आणि मक्याच्या कणसांची दुकानं रांगेनं आहेत. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, त्यावर मुलांनी सायकलनं आठाचे आकडे काढले. मामाही उतरले. त्यांची सायकल जड, आणि ते जिथं थांबले तिथं चाकं हळूहळू रुतायला लागली. मामा खाली न उतरता सरळ ताठ बसून राहिले आणि आम्ही चौघांनी त्यांना सायकलसकट उचलून फरशीवर आणलं. शेजारच्या कणीसवाल्यानं मनापासून टाळ्या वाजवल्या आणि त्यांना एक कणीस फुकट दिलं. ते कणीस मामांनी कुणाला वाटलं नाही.

डुमसला सायकल चालवण्याजोगी सलग जागा आम्हाला कमी मिळाली आणि गर्दी खूप. तिथं जायचं ते टोमॅटोच्या भज्यांसाठी. टोमॅटोच्या जाड चकत्या, त्यावर हिरव्या चटणीचा थर आणि वर बेसनाचं कवच. थंडीत गेलात तर सुरतेत पोंक मिळतो, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खायचा. खाण्याची सहल म्हणून डुमस दहापैकी नऊ, सायकलची सहल म्हणून चार.

दमणचं तसं नाही. नानी दमणच्या देवका किनाऱ्यावर ५.४५ किलोमीटरचा सागरपथ बांधलाय, त्याचं नाव नमो पथ. एप्रिल २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि खर्च आला १६५ कोटींच्या आसपास. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समुद्र बाजूला राहतो, मध्ये कुठं इमारतींमागं लपत नाही. जाऊन येऊन अकरा किलोमीटर होतात, आणि माझ्या मते घरच्या गटाला एवढं अंतर नेमकं आहे. मुलांना मोठं काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि आत्याचे गुडघे दुसऱ्या दिवशी कुरकुरत नाहीत. बसायला जागा आहेत, खाण्याच्या टपऱ्या आहेत, अंधार पडल्यावर दिवे लागतात. सकाळी दहाच्या आत पोचा. तेव्हा वाट मोकळी असते. गर्दी वाढली की चालणाऱ्यांच्या पट्ट्यातून सायकल काढून बाजूच्या रस्त्यानं घ्या.

मोटी दमणला दमणगंगेच्या पलीकडं जामपोरचा किनारा आहे, सपाट आणि रुंद वाळूचा. जाता-जाता किल्ला आणि आतलं १६०३ सालचं बॉम जेझुस चर्च बघून होतं. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथं पोर्तुगिजांचं राज्य होतं. एवढ्याशा अंतरावर वेगळं राज्य होतं हे मुलांना खरंच वाटत नव्हतं. मग मामांनी आपली गोष्ट काढली, की आपल्या गायकवाडी राज्यालाही समुद्र होता, नवसारी प्रांत आपला, ओखामंडळ आपलं, ओखा बंदर बडोदे संस्थानानं उभं केलेलं. त्यांचा आवाज इतका चढला की किल्ल्यात फिरायला आलेलं एक गुजराती कुटुंब आमच्या मागं येऊन उभं राहिलं आणि शेवटी त्यांनी विचारलं, "काका, तमे गाइड छो?" मामांनी अत्यंत आनंदानं "हा" म्हणून पुढचा अर्धा तास त्यांनाही किल्ला दाखवला.

आणि आता तिथी. यावर मी जरा थांबून बोलणार आहे, कारण बहुतेकांचा दमणचा दिवस इथंच फसतो.

पहिल्या वर्षी आम्ही सोयीचा रविवार बघून गेलो, ती निघाली अष्टमी. बाराच्या सुमाराला देवक्याला निवांत बसलो आणि समोर समुद्रच नाही. नुसते काळे खडक, डबकी, आणि लांबवर एक चकाकती रेघ. आत्या कठड्याला धरून म्हणाली, "एवढ्या लांबून आलो आणि हा गेला कुठं?" धाकट्यानं तिला गंभीरपणे सांगितलं, "जेवायला गेलाय, येईल." त्याचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. संध्याकाळी सातनंतर तो आला, तेव्हा आम्ही टेम्पोत सायकली चढवत होतो.

खंभातच्या आखातात आणि त्याच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा फरक फार मोठा आहे, कारण आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं आणि आत शिरलेलं पाणी उंच चढतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दमण त्या किनाऱ्याच्या उत्तरेला, तिथं भरती त्याहून उशिरा पोचते. त्यामुळे हा हिशेब अंदाजापुरता धरा आणि जाण्याआधी दमणचं भरतीचं वेळापत्रक बघा. ढोबळ नियम असा: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भर दुपारी पाणी काठाशी असतं, अष्टमीच्या आसपास भर दुपारी दूर गेलेलं असतं.

म्हणून पौर्णिमेजवळचा दिवस मिळाला तर देवका. अष्टमीजवळचा मिळाला तर दुपारी जामपोर किंवा तिथलची वाळू, कारण तिथं ओहोटीतच मजा आहे. देवक्याला पाण्यात मात्र उतरू नका, खाली खडक आहेत.

दुसऱ्या वर्षी पौष पौर्णिमा साधली. ऐन जेवणाच्या वेळी पाणी कठड्याखाली धडकत होतं आणि त्याचा आवाज पोटात जाणवत होता. मामांनी उन्हासाठी छत्री उघडून सायकलच्या हँडलला बांधली होती. समुद्रावरून वारा उठला, छत्री उलटून कमळासारखी उमलली आणि पाठोपाठ एका लाटेचे तुषार त्या कमळात भरले. मामा त्या पाण्यासकट पुढं चालवत राहिले. कॅरिअरला भाकरवडीचा डबा होता आणि त्याच्या वासानं एक तांबडं कुत्रं पहिल्या किलोमीटरपासून मागं लागलं होतं. ते मामा थांबले की थांबायचं, निघाले की निघायचं. टोकाला पोचेपर्यंत त्याच्या मागं तीन कॉलेजची मुलं मोबाइल धरून सायकली चालवत होती. त्यांतला एक विचारत होता, "काका, आ सायकल केटला वर्ष जूनी छे?" मामा म्हणाले, "तारा पप्पा करता जूनी." कुत्र्याला त्याचा वाटा मिळाला, मुलांनाही मिळाला.

दमणची एक अडचण सांगायलाच हवी. गुजरातेत दारूबंदी, दमणमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथली वर्दळ वेगळी असते. पिऊन गाडी चालवणारेही त्यात असतात, म्हणून दिवेलागणीनंतर मुलांना रस्त्यावर सायकल चालवू देत नाही. सूर्य समुद्रात बुडाला की आम्ही आवरतो. सुट्टी मिळाली तर आडवार निवडा, फरक लगेच कळतो. परतताना सीमेवर गाडी तपासतात. तिथून बाटली गुजरातेत आणणं गुन्हा आहे, टेम्पोवाल्यालाही निघण्याआधी हे स्पष्ट सांगा.

एवढं लांब अजिबात नको असेल, तर बडोद्यापासून पंचाहत्तरेक किलोमीटरवर कावी-कंबोई आहे. तिथं काठानं वाट वगैरे काही नाही, चिखलाचा किनारा आहे, पण स्तंभेश्वराची पिंडी दिवसातून दोनदा भरतीत बुडते. ते बघायला आणि जंबुसरकडच्या कापसाच्या शेतांमधून सायकल चालवायला मी पुन्हा जाईन. फक्त त्याला समुद्राकाठची सायकल सफर म्हणता येणार नाही.

शेवटचं काम घरी आल्यावरचं, आणि ते त्याच रात्री करायचं. खारं पाणी साखळी आणि आरे गंजवतं. गोड्या पाण्यानं सायकल धुवा, जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडी पुसा, साखळीला तेल द्या. पौष पौर्णिमेला आम्ही साडेअकराला वाड्यात पोचलो. मुलं टेम्पोतच झोपलेली. मामांनी मात्र चौकातल्या नळाखाली सायकल लावली, चाक फिरवून बघितलं, डायनॅमोचा दिवा लागला आणि त्याचा झोत थेट समोरच्या जोशीकाकूंच्या खिडकीत गेला. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "आलात का? कसा होता समुद्र?" मामांनी उलटी छत्री तिथंच चौकात रिकामी केली. तिच्या घडीत थोडी वाळू अजून होती.