तेलाच्या शेअर्सची टिप्स सर्व्हिस सहा महिने वापरली, पाचपैकी दोन स्टार

नाव टाकत नाहीये, उगाच नोटीस-बिटीस नको. ऑफिस लोअर परळला, सेबी रजिस्टर्ड आहेत (नंबर मी स्वतः चेक केला, खरा आहे), आणि तेल-गॅसच्या शेअर्सचा वेगळा पॅक विकतात. सहा महिन्यांचे पाच हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० गेले. त्यात व्हॉट्सॅपवर मेसेज, आठवड्याला एक पीडीएफ, आणि अडलं तर फोन उचलायला एक मुलगा.

आता एवढे शेअर सोडून तेलच का, तर मी पार्ल्यात राहते, जुहूवरून ओएनजीसीची हेलिकॉप्टरं उडून समुद्राकडे जातात आणि त्यातल्याच एकात माझे भावजी असतात, ताईचे मिस्टर, चौदा दिवस रिगवर (समुद्रातलं तेल खोदायचं यंत्र) चौदा दिवस घरी. १९७४ ला सागर सम्राट या रिगने मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायमध्ये, तेल शोधलं ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत निघते. त्यामुळे तेल म्हणजे आपल्या घरातलंच काहीतरी असं वाटायचं आणि त्याच भरात पैसे भरले.

विकणाऱ्याचं बोलणं मात्र गोड. "मॅडम, २० एप्रिल २०२० ला अमेरिकन क्रूड, म्हणजे कच्चं तेल, मायनस ३७ डॉलरला गेलं होतं, तेव्हा ज्यांनी हिंमत केली ते आज कुठे आहेत बघा." हे खरंय. पण त्याच सौद्याचा आपल्याकडे एमसीएक्सवर (तेल-सोन्याच्या वायद्यांचा बाजार) हिशेब मायनस २,८८४ रुपये बॅरलने झाला आणि ज्यांनी स्वस्त मिळतंय म्हणून क्रूड घेऊन ठेवलेलं त्यांना वरून पैसे भरायला लागले, ते काही तो बोलला नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

खरी परीक्षा जून २०२५ ला झाली. १३ तारखेला शुक्रवारी इस्रायलने इराणवर हल्ला केला, ब्रेंट (ज्याच्या भावावरून जगभर क्रूडचा भाव बघतात) दिवसअखेर सात टक्के वर, ७४ डॉलर. इकडे बाजार उघडायच्या आधीच चार मेसेज आलेले, चारही लाल उद्गारचिन्हंवाले. "ऑइल सेक्टर सुपर बुलिश" म्हणजे जोरदार तेजी, इराणजवळची होर्मुझची सामुद्रधुनी बंद झाली तर जगातलं पाचवा हिस्सा तेल अडकेल, अपस्ट्रीम (ओएनजीसीसारख्या तेल काढणाऱ्या कंपन्या) घ्या, आणि "ड्रिलिंग प्ले" म्हणून एक छोटी रिगवाली कंपनी. मी उघडताच घेतली, म्हणजे त्या दिवशीच्या जवळजवळ सगळ्यात वरच्या भावात. आणि अतिशहाणपणा म्हणजे मेसेज बिल्डिंगच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "ऑइल" वाचून एचपीसीएल घेतला. आता एचपीसीएल, बीपीसीएल या कंपन्या तेल विकत घेऊन पेट्रोल-डिझेल करून विकतात, क्रूड महागलं की पंपावरचा भाव लगेच वाढवता येत नाही आणि मार्जिन जातं, म्हणून त्या दिवशी ते शेअर पडले. काकू अजून लिफ्टमध्ये भेटल्या की आधी मोबाईलमध्ये बघतात.

मग २४ जूनला युद्धविराम, ब्रेंट ६७, म्हणजे हल्ल्याच्या आधी होतं त्याच्याही खाली. मेसेज आला, "सेंटिमेंट वीक, एक्झिट ड्रिलिंग." बस. अकरा दिवसांपूर्वी सुपर बुलिश आणि आता वीक, मधे त्या कंपनीत नेमकं काय बदललं याचा एक शब्द नाही.

भावजी ११ ला रिगवर गेलेले ते २५ ला परत आले, म्हणजे अख्खं युद्ध त्यांनी समुद्रात असताना टीव्हीवर बघितलं. मी विचारलं तेल एवढं वरखाली झालं तर तिकडे काय झालं, तर म्हणाले "काय व्हायचंय, जेवणात तेच बटाटे." मग नीट सांगितलं त्यांनी. रिगवाल्या कंपनीला बॅरलवर पैसे मिळतच नाहीत, तिला रिगचं दिवसाचं भाडं मिळतं, डे रेट. ते ठरतं टेंडरमध्ये आणि कॉन्ट्रॅक्ट साधारण तीनेक वर्षांचं असतं. तेल ६७ असो की ७७, आजचं भाडं तेच. भाव वर्ष-दोन वर्ष पडून राहिला की मग ते दुखणं येतं, तेल कंपन्या खोदाईचं बजेट कापतात, कॉन्ट्रॅक्ट संपलेली रिग नुसती उभी राहते आणि पुढचं काम मिळालंच तर कमी भाड्यात. नोव्हेंबर २०१४ ला ओपेकने, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायला नकार दिला, जानेवारी २०१६ ला ब्रेंट ३० च्या खाली, पण कर्जात बुडालेली सीड्रिल ही रिगवाली कंपनी दिवाळखोरीसाठी कोर्टात गेली २०१७ ला. मग कोविडमध्ये २०२० ला डायमंड ऑफशोर, नोबल, वॅलारिस या रिगवाल्याही तशाच, एकाच वर्षात. दुखणं आधी कुठलं आणि ताप आला कधी! इकडे लोक तोच शेअर रोज सकाळचा ब्रेंट बघून घेतात आणि विकतात, आणि ही सर्व्हिस त्याच मूडची बातमी आपल्यालाच ५,९०० ला विकते.

बरं अपस्ट्रीमचंही सरळ नाहीये. १ जुलै २०२२ ला सरकारने देशातल्या क्रूडवर टनामागे २३,२५० रुपये विंडफॉल टॅक्स (भाव चढल्यामुळे मिळालेल्या जादा कमाईवरचा कर) लावला आणि तेलाचा भाव शंभरच्या वर असताना ओएनजीसी एका दिवसात १३ टक्के पडला. डिसेंबर २०२४ ला तो टॅक्स गेला. सहा महिन्यांच्या पीडीएफमध्ये हा इतिहास कुठेही नाही, बाण मात्र भरपूर, हिरवे आणि लाल.

आता दोन स्टार कशाचे ते. एक त्या फोनवाल्या मुलाचा. जुलैमध्ये मी तावातावाने फोन केला तर आधी "सर"वरून "मॅडम"वर आला आणि मग म्हणाला, "खरं सांगू का, आम्ही पण ब्रेंट बघूनच लिहितो." एवढं सरळ मला आजवर कुठल्या ब्रोकरनेही सांगितलेलं नाही. दुसरा स्टार पीडीएफच्या शेवटच्या पानाचा, जिथे मुंगीएवढ्या अक्षरात ओपेक प्लसच्या (ओपेक आणि तिचे साथीदार देश) मीटिंगच्या तारखा, दर शुक्रवारचा बेकर ह्यूजेस कंपनीचा रिग काउंट (किती रिग कामावर आहेत तो आकडा) आणि कुठली रिग कुणाकडे कधीपर्यंत कामाला आहे त्याचा तक्ता असतो. हा तक्ता मी चार महिने जाहिरात समजून उघडलाच नव्हता. बघितला तेव्हा कळलं की माझ्या "ड्रिलिंग प्ले"च्या एका रिगचं कॉन्ट्रॅक्ट लवकरच संपणार होतं आणि नवीनचा पत्ता नव्हता. म्हणजे त्यांच्याच शेवटच्या पानावर लिहिलेलं त्यांच्याच मेसेजवाल्याने वाचलेलं नव्हतं.

शेअर अजून आहे, तोट्यात आहे, एक्झिट केला नाही कारण तोपर्यंत त्यांचं ऐकायचंच सोडलेलं. परवा रिन्यूअलचा फोन आला, "तुमच्यासाठी स्पेशल साडेतीन हजार." मी म्हटलं मला फक्त शेवटचं पान पाठवा, त्याचे पाचशे देते. त्याने होल्डवर ठेवलं, कुणालातरी विचारून आला, म्हणाला तसा प्लॅन नाही मॅडम.