टाटा २०७ डीआय की महिंद्रा पिकअप? जुनी घेऊन उभी करायची तर

पहिल्यांदाच जुनी पिकअप घेऊन, खोलून, दुरुस्त करून पुन्हा उभी करणार असाल तर महिंद्राची एमडीआय इंजिनाची घ्या. दर आठवड्याला खत, विटा, ऊस असा भरगच्च माल ओढायचा असेल तर टाटा २०७ डीआय. मात्र दोन्ही समोर असतील आणि एकीची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) धड नसेल, तर कंपनी विसरा आणि धड चासीची उचला. इंजिन किटने (पिस्टन, रिंगा, लायनरच्या संचाने) नवे होते, कुजलेली चासी होत नाही.

महिंद्राचे २५२३ सीसीचे एमडीआय इंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर घराण्यातले आहे: बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिमी. कमी आरपीएमला छान ओढते, पळवायला गेले तर आवाजच जास्त. कमांडर, मार्शल, बोलेरोत हेच इंजिन चालल्याने तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा ते डोळे मिटून खोलतो. २०७ चे २९५६ सीसीचे इंजिन ४०७ च्या कुळातले. भार घेऊन घाट चढताना फरक कळतो. सुटे भाग याचेही मुबलक, पण इंजिन मोठे, म्हणून किट आणि लेथकाम महाग पडते. पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईचे कुर्ला इथे दोन्हींचे सामान मिळते.

महिंद्रात एक सापळा आहे. जुन्या काही गाड्यांत २११२ सीसीचे प्यूजो एक्सडीपी इंजिन असते. चालते गोड, पण हीटर प्लग दमले की थंडीत सकाळी सुरू व्हायला रडते, आणि सामान शोधत फिरावे लागते. टाटाकडे तशीच १९८८ ची टाटामोबाईल २०६: हौसेसाठी सुंदर, कामासाठी नको.

बघायला जाताना इंजिन गार असताना जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर परत फिरा. सुरू झाल्यावर ऑइलचे झाकण उघडा: धपधप धूर येत असेल तर रिंगा-लायनर गेले, म्हणजे हाफ इंजिन काम (पिस्टन, रिंगा, लायनर बदलणे) आलेच. निळा धूर ऑइलचा. काळा असेल तर नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड किंवा गॅस्केट. क्रँक आधी किती अंडरसाइज झाला आहे (घासून किती बारीक केला आहे) ते विचारा. पहिला कट ०.२५ मिमीचा असतो. शेवटच्या कटापर्यंत गेलेला असेल तर क्रँकचेही पैसे किमतीतून वजा करा.

चासीला मात्र तासभर द्या. खाली झोपून मागच्या अॅक्सलच्या वरचा भाग, पाट्यांचे हँगर आणि त्यांचे रिव्हेट, हौद्याचे (मागच्या माल भरायच्या भागाचे) यू-बोल्ट जिथे आवळलेले असतात ती जागा, हे सगळे हातोडीने वाजवत जा. ठणठणीत आवाज हवा; भद्द आवाज आला तर पत्रा सोललेला आहे. मासळी वाहिलेली कोकणातली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे चासीवर ठिबकलेले असते. पुढच्या-मागच्या हँगर पिनांमधली तिरकी मापे दोन्ही बाजूंनी घ्या. पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे चासी वाकलेली. चासी नंबर आरसीशी जुळतो ना आणि स्पष्ट वाचता येतो ना, हेही तेव्हाच बघा. गंजाने खाल्लेला नंबर पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) अडतो.

पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. ब्रेकसाठी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जायला हवे. न गेल्यास बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) किंवा अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप बघा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडा. गिअर उडाला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार.

कामाचा क्रम दोन्हींना एकच: चासी, ब्रेक, इंजिन, वायरिंग, केबिन, आणि रंग सर्वात शेवटी. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा. गंजलेल्या पत्र्यावर पुटी भरणाऱ्याला कामच देऊ नका. पत्रा कापून नवा जोडायचा. केबिनचे पत्रे आणि दारे महिंद्राला सहज मिळतात, हा तिच्या बाजूचा मोठा मुद्दा.

हौदा करताना हात आखडता घ्या. अडीच मीटर बाय १.७ मीटर तळाला ३ मिमी पत्रा सुमारे १०० किलो भरतो, ५ मिमी घेतला तर १६७. मजबुतीच्या नावाखाली वाढवलेले हे ६७ किलो दर फेरीला मालातून वजा होतात.

कागदांत दोन्ही सारख्याच: मालवाहू नोंदणी, आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, वर पर्यावरण कर. पासिंग किती वर्षे थकले आहे, ई-चलान किती, बँकेचा बोजा उतरला का, हे पैसे देण्याआधी बघा. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला ३५, दुसऱ्या आरटीओत न्यायची तर २८. चालवायला साधा एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचा) परवाना पुरतो; ७५०० किलोपर्यंतच्या गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे.