शिकागोतले फुकट प्रीव्ह्यू शो: पास मिळतो, खुर्चीचं काही सांगता येत नाही

गेल्या हिवाळ्यापासून शिकागोत प्रदर्शनाआधीचे फुकट शो बघतोय. 'खरंच फुकट असतात का हो?' असं मंडळाच्या ग्रुपवर सारखं कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पैसा एक लागत नाही. संध्याकाळ मात्र अख्खी जाते.

गोफोबो या फुकट पास वाटणाऱ्या वेबसाइटवर खातं उघडलं की आपल्या भागातले शो दिसतात. पास बहुधा दोघांचा असतो. मोठ्या सुपरहिरोपटांचे पास बघता बघता उडतात. आपल्या वाट्याला येतात ते भयपट आणि मध्यम बजेटचे विनोदी सिनेमे. पण पासवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं ते आधी वाचा: जागेची हमी नाही. खुर्च्यांपेक्षा जास्त पास मुद्दामच वाटतात, कारण फुकटचा पास घेऊन न फिरकणारे पुष्कळ असतात आणि स्टुडिओला थिएटर गच्च हवं असतं. मधल्या चांगल्या रांगा समीक्षकांसाठी कागद चिकटवून अडवलेल्या असतात. आपण हसायला आणि टाळ्या वाजवायला बोलावलेली गर्दी, हे एकदा मान्य केलं की त्रास होत नाही.

सातच्या शोला मी साडेपाचला रांगेत असतो. तरी माझ्यापुढे ठरलेली निवृत्त मंडळी असतातच: घडीची खुर्ची, डब्यात सँडविच, हातात शब्दकोडं. कुठल्या थिएटरात कोणता पडदा मोठा, हे त्यांना मॅनेजरपेक्षा जास्त ठाऊक. एका थिएटरात तर रांग नेमकी आमच्यापाशी तोडली. दीड तास उभं राहून परत घरी, आणि 'सॉरी'पलीकडे कुणी काही बोललं नाही.

एएमसी रिव्हर ईस्ट या थिएटरला जाणार असाल तर गाडी नेऊ नका. त्या भागात पार्किंगलाच तिकिटाहून जास्त पैसे जातात. रेड लाइन ट्रेनच्या ग्रँड स्टेशनवरून चालत जाता येतं. कुणी सिनेमा चोरून चित्रित करू नये म्हणून आत शिरताना कधी बॅग तपासतात, कधी फोन पिशवीत बंद करायला लावतात. भयपटाच्या ऐन भीतीच्या क्षणी मान वळवली, तर कोपऱ्यात अंधारात बघायची दुर्बीण लावून पडद्याऐवजी आपल्याकडे टक लावलेला सुरक्षारक्षक दिसतो. सिनेमापेक्षा तोच जास्त दचकवतो. बाहेर पडताना दाराशी पीआरची मुलगी 'कसा वाटला?' विचारते आणि आपलं अर्धं वाक्य टिपून घेते.

टेस्ट स्क्रीनिंग हा प्रकार निराळा. तिथे सिनेमा अर्धाकच्चा असतो, संगीत तात्पुरतं, काही दृश्यांत मागचं चित्र नंतर भरण्यासाठी लावलेला हिरवा पडदा तसाच. आधी गुप्ततेच्या कागदावर सही, नंतर 'उत्कृष्ट' ते 'वाईट' अशा खुणा करायचा फॉर्म. असे शो जास्त करून लॉस एंजेलिसकडे होतात.

घरात लहान मूल असेल तर आठवड्यातल्या संध्याकाळचे शो सोडून द्या. मूल सांभाळणाऱ्या बेबीसिटरलाच तिकिटाच्या दुप्पट द्यावे लागतील. मुलांच्या सिनेमांचे प्रीव्ह्यू पुष्कळदा शनिवारी सकाळी असतात, ते बघा. आणि 'मी रांग धरतो, तू मागाहून ये' हे चालेलच असं नाही. काही ठिकाणी समोर उभ्या असलेल्या डोक्यांनाच मनगटपट्टी बांधतात, तेव्हा दोघं एकदमच निघा.